बाईंनी मोडलेला उपवास

बाई गेल्याचं मला ऑफिसात कळलं. जेवणाची सुट्टी होती, डबा नुकताच उघडला होता आणि फोनवर सुहासचं नाव आलं. सुहास म्हणजे बाईंचा मुलगा, नोएडाला राहतो. तो एरवी मेसेजच करतो, त्यामुळे फोन उचलायच्या आधीच मला कळलं असावं. "आई गेली, मीनलताई. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसली आणि..." मी विचारलं, "किती वाजता?" अशा वेळी माणूस असलंच काहीतरी विचारतो. फोन ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या शर्माजींनी विचारलं, "कौन थीं आपकी?" मी म्हटलं, "बेटी की टीचर." ते "अच्छा, अच्छा" म्हणून पुन्हा आपल्या पराठ्याकडे वळले. त्यांचं काही चुकलं नाही, उत्तरच अपुरं होतं.

आज त्याला पाच आठवडे झाले. आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत बाईंच्या स्मरणार्थ उपासना झाली, खूप लोक बोलले, आणि दोघातिघांनी तो जुना प्रसंगही काढला. अगदी प्रेमाने काढला, "बाईंच्या हातून एकदा चूक झाली, पण त्यांनी ती किती मोठ्या मनाने कबूल केली" असा. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होते. ती चूक त्यांची एकटीची नव्हती. निम्म्याहून जास्त माझी होती. हे त्यांच्या हयातीत बोलायला हवं होतं, आणि मी आठ वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. म्हणून हा लेख.

करुणाबाई साळवे मूळच्या नगरकडच्या. चाळीस वर्षं मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्तीनंतर मुलाकडे नोएडाला आल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी आमची मराठी मंडळी शोधून काढली. आम्ही म्हणजे मूठभर लोक. काही केंद्र सरकारच्या नोकरीतली, काही फौजेतली कुटुंबं, आणि अभ्यासाला आलेली मुलं जी परीक्षा जवळ आली की जास्त भाविक होतात. रविवारी दुपारी, हिंदी उपासना आटोपली की ते चर्च आम्हाला मिळतं. मुलांसाठी शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग होता, पण तो घ्यायला कुणी टिकत नसे. बाईंनी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, "मला गाता येत नाही. पण पोरांची नखं मी बघीन." तेव्हापासून शाळा त्यांची झाली.

दर रविवारी बाई बोटॅनिकल गार्डनला मेट्रोची मजेंटा लाइन पकडून दिल्लीतल्या आर. के. पुरमला उतरत. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत साबणाची वडी, नखं कापायचं कटर आणि फुटाणे. पहिल्याच दिवशी मुलं त्यांना "टीचर आंटी" म्हणाली. बाई म्हणाल्या, "मी कुणाची आंटी नाही. मला बाई म्हणा." आमचा एक चिरंजीव म्हणाला, "लेकिन बाई तो झाडू-पोछा करती है ना?" बाई हसल्या. "तेच तर करायला आलेय, बाळा. चल, तुझ्यापासूनच सुरुवात करू. कानामागं किती दिवसांचं साठवलंयस?"

त्यांचा धडा एकच होता आणि तो त्यांनी शंभर तऱ्हांनी शिकवला. आमची बहुतेक मुलं सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, म्हणून बाई त्यांच्याच भाषेत सांगायच्या. "हे शरीर म्हणजे देवाने अलॉट केलेलं क्वार्टर. मालकी त्याची. तुम्ही राहायला आलात, आणि तोही तुमच्यासोबत आत राहतो. मग भिंतीला खिळे ठोकायचे का? खिडक्या कोंडायच्या का? एक दिवस ताबा परत द्यायचाय, तेव्हा काय दाखवणार?" कोल्ड्रिंकची बाटली दिसली की म्हणायच्या, "देवानं दोन मूत्रपिंडं दिली ती हे लाल पाणी गाळायला नाही." नोव्हेंबरात हवा धुरकट झाली की मुलांना वर्गात बसवून नाकाने सावकाश श्वास घ्यायला शिकवायच्या आणि प्रत्येक श्वासाबरोबर ज्याच्यासाठी देवाचे आभार मानायचे असं एक नाव घ्यायला लावायच्या. झोप, पाणी, चालणं, खरं बोलणं, भांडण त्याच दिवशी मिटवणं, हे सगळं त्यांच्या लेखी आरोग्यच. पण उपाशी पोराला प्रार्थनेला बसवलेलं त्यांना खपत नसे. "आधी फुटाणे, मग आमेन," हे बाईंचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

माझी रिबेका, आमची रिबू, आठ वर्षांची असताना तिला टाइप वन डायबिटीस निघाला. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना सांगायला नको. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, बोटाला सुया, ताटातल्या प्रत्येक घासाचा हिशेब. आम्ही नवखे होतो, घाबरलेलो होतो, आणि गोड म्हणजे विष अशी समजूत करून घेतली होती. खरं तर डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या, साखर वाढली तरी धोका आणि उतरली तर जास्त धोका. म्हणून रिबूच्या फ्रॉकच्या खिशात तीन लिंबाच्या टॉफ्या कायम असत. हात कापायला लागले, घाम आला की लगेच तोंडात टाकायची. सासूबाई फोनवर रडून म्हणाल्या, "कुणाला बोलू नका गं. मुलीची जात आहे." मी शिकलेली, नोकरी करणारी बाई. मला हे ऐकून संताप यायला हवा होता. पण मला ते पटलं.

बाईंना मात्र सांगणं भाग होतं, कारण रविवारचे दोन तास मुलगी त्यांच्याजवळ असे. मी शनिवारी फोन केला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पण बाई, वर्गात कुणाला कळता कामा नये." मग त्या म्हणाल्या, "मीनल, हे लपवायचं दुखणं नाही गं. मुलं समजून घेतात. मोठ्यांपेक्षा बरी घेतात." मी जरा तोडूनच बोलले, "मुलगी माझी आहे, बाई." त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. माझा शब्द."

तो शब्द त्यांनी पाळला, आणि तिथेच सगळं अडलं. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की केक यायचा. रिबू खायची नाही. दोनतीनदा झाल्यावर मुलांनी विचारायला सुरुवात केली, "ये क्यों नहीं खाती? भाव खाती है?" रिबू रडवेली झाली. आता बाईंनी काय करावं? खरं सांगता येत नव्हतं, तोंड माझ्या हट्टाने बांधलेलं. त्यांनी पोरीला वाचवायला पटकन म्हटलं, "भाव कसला खातेय? रिबूनं गोड सोडलंय. स्वतःच्या मनानं. शिका तिच्याकडून." मुलांनी पुन्हा विचारलं नाही. आणि रिबू... घरी आली तीच मुळी हवेत तरंगत. आजार झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिला वर्गात सगळ्यांच्या वर ठेवलं होतं. मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात उपवासकाळ सुरू झाला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्याकडे माणसं आवडीची एखादी गोष्ट सोडतात. बाईंच्या वर्गात दरवर्षी मुलं चिठ्ठीवर लिहीत, मोबाइलवरचा गेम, चिप्स, भावाला चिमटे काढणं, काहीही. त्या वर्षी मुलांनीच ठरवलं की सगळ्यांनी रिबूसारखं गोड सोडायचं. बाईंनी हो म्हटलं. स्वतःही सोडलं, आणि त्या तर चहात दोन चमचे साखर घेणाऱ्या. भिंतीवर तक्ता लागला. ज्याचा आठवडा न मोडता गेला त्याच्या नावापुढे चांदणी. नर्स म्हणून बाईंनी रिबूला बाजूला घेऊन बजावलं होतं, "तुझ्या टॉफ्या म्हणजे औषध हं, त्या यात धरायच्या नाहीत." रिबूने मान हलवली होती. नऊ वर्षांच्या पोरीच्या मान हलवण्यावर बाईंनी विसंबायला नको होतं. हीच त्यांची चूक, एवढीच.

ईस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी मुलांची मिरवणूक असते. हातात झावळ्या घेऊन चर्चच्या आवाराला तीन फेऱ्या, होसान्नाची गाणी म्हणत. मार्च संपत आला होता, दिल्लीचं ऊन चटके द्यायला लागलं होतं. आम्ही मोठी माणसं आत होतो. अचानक बाहेरचं गाणं थांबलं. मी धावत गेले तर गुलमोहराखाली रिबू बसली होती, पांढरीफटक, केस घामाने कपाळाला चिकटलेले, हातातली झावळी थरथरत होती. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून टॉफी तिच्या ओठांशी नेत होत्या आणि माझी मुलगी दात घट्ट मिटून मान फिरवत होती. "नको. मी सोडलंय." जीभ जड झालेली, शब्द पुसट येत होते. बाई म्हणाल्या, "रिबू, हे औषध आहे, खा." "नको बाई. चांदणी जाईल. सगळे बघतायत."

मी पुढे झाले, पण बाईंनी हाताने मला थांबवलं. चर्चच्या रखवालदाराच्या बायकोने तेवढ्यात साखरपाण्याचा पेला आणि साखरेची वाटी आणून ठेवली होती. बाईंनी तो पेला उचलला, सगळ्या मुलांना दिसेल असा धरला आणि त्यातला मोठा घोट स्वतः घेतला. ओठ पुसले. "बघ, माझा मोडला. मी बाई, मी पहिल्यांदा मोडला. आता तू." मग मागे वळून मुलांना म्हणाल्या, "सगळ्यांनी या. वाटीतली चिमूट चिमूट घ्या. आज कुणाचाच उपवास नाही." मुलं गोंधळली, एकमेकांकडे बघायला लागली, मग एकेक पुढे आलं आणि चिमूटभर साखर जिभेवर ठेवून तिथेच उभं राहिलं. रिबूने सगळ्यांची तोंडं बघितली. आणि मग प्यायली. घोट घोट, बाईंच्या हातून, पेला रिकामा होईपर्यंत. दहा-पंधरा मिनिटांनी तिच्या गालांवर रंग आला आणि तिने पहिला प्रश्न केला, "आई, तक्ता काढणार का?"

बाईंनी माझ्या मुलीला वाचवलं होतं, आणि मी त्यांच्यावर तुटून पडले. पन्नास माणसांसमोर. "तुम्ही नर्स होतात ना? चाळीस वर्षं काय शिकलात?" असंच बोलले मी, शब्द न शब्द आठवतो. बाई जमिनीवरून उठतही नव्हत्या, साडीला माती लागलेली. पुढच्या आठवड्यात चर्चच्या पंचमंडळाने आम्हा दोघींना बोलावून त्यांना विचारलं, "मुलीचा आजार तुम्हाला ठाऊक होता?" "होता." "मग बाकीच्या मुलांना समजावून का नाही सांगितलं?" आता त्या माझं नाव घेतील म्हणून मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "चुकलं माझं." एवढंच. मी तिथे बसले होते, मला तोंड होतं, आणि मी ते उघडलं नाही.

त्या मधल्या दिवसांत रिबूने एकदा शाळेची वेणी घालून घेता घेता विचारलं होतं, "आई, क्वार्टर खराब निघालं तर लोक चेंज मागतात ना?" आमच्या कॉलनीत कुणाचं तरी असं चालूच असतं, छत गळतं म्हणून अर्ज दिला, ओल येते म्हणून बदली मागितली. मी सहज म्हटलं, "हो, मागतात." ती म्हणाली, "मग देवसुद्धा मागत असेल का? माझं बदलून?" मी वेणी घाईने बांधून टाकली. आणि पुन्हा बाईंवरच चिडले, की हेच शिकवलं का माझ्या पोरीला?

त्याच आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. "सलाम" म्हणाल्या, आमच्या ख्रिस्ती घरांतला तो नमस्कारच, मी कसाबसा उलट सलाम केला. चहाचं विचारलं नाही. मराठी घरात हे म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्याही माझ्याशी बोलायला आल्याच नव्हत्या. रिबूसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुझी माफी मागायला आलेय. मी तुझी खोटी स्तुती केली. गोड न खाणं हा तुझा पराक्रम नव्हता, ते दुखणं होतं. आणि दुखण्याला चांदणी देत नाहीत." मग तिने त्यांनाही तोच प्रश्न विचारला, चेंजचा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाईंना उत्तर शोधावं लागलं नाही. "अगं, त्यानं बघूनच घेतलंय. छत गळतं हे त्याला अलॉटमेंटच्या दिवशीच माहीत होतं. तरी सामान घेऊन आला. तो नाही चेंज मागत." आणि मग नर्सच्या आवाजात, "पण गळतं म्हटल्यावर बादली लावायची. लाजून बसलं तर घर भिजतं. तुझ्या टॉफ्या म्हणजे ती बादली."

मी पाच रविवार रिबूला पाठवलं नाही. सहाव्या रविवारी ती स्वतःच बूट घालून दारात उभी राहिली. त्या दिवशी तिने वर्गात सगळ्यांसमोर बोटाला सुई टोचून साखर मोजून दाखवली, आणि मुलांनी "मेरा भी, मेरा भी" करून बाईंना भंडावून सोडलं. बाईंचं म्हणणं खरं ठरलं, मुलांनी बरं घेतलं. कुणी एका शब्दाने हिणवलं नाही. आज रिबू सतरा वर्षांची आहे, दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावून मेट्रोतून एकटी फिरते आणि विचारणाऱ्याला थांबून समजावून सांगते. हे धाडस तिला माझ्याकडून आलेलं नाही.

बाई माझ्याशी पुढेही पूर्वीसारख्याच वागल्या, हे जास्त कठीण होतं. शेवटचं भेटले ते त्या जायच्या महिनाभर आधी, नोएडाच्या घरी. हृदय थकलं होतं, पायांवर सूज, मीठ बंद. "बेचव खाऊन खाऊन मी आता पवित्र होत चाललेय," म्हणाल्या. मी ठरवून गेले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हटलं, "बाई, त्या वेळी... तो फोन मी..." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "रिबूच्या बारावीचं काय? पेपरात साखर उतरली तर टॉफी नेऊ देतात का गं?" मी त्याचं उत्तर देत बसले. निघताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते सुटल्यासारखं वाटलं याची मला आज लाज वाटते.

मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला आणि रिबूला मुलांबरोबर बसायला सांगितलं, नवी व्यवस्था होईपर्यंत. चर्चच्या बाजूची ती छोटी खोली, बुटकी बाकं, खिडकीत साबणाची वडी. तक्ता त्या भिंतीवर पुन्हा कधीच लागला नाही. त्याऐवजी बाईंनी एक रीत पाडली होती, ती मला त्या दिवशीच कळली. प्रार्थनेआधी मुलं गोल बसतात आणि प्रत्येकाने आपल्या शरीराबद्दल किंवा मनाबद्दल एक खरी गोष्ट सांगायची. कुणी हसायचं नाही, कुणी उपाय सुचवायचा नाही. सगळ्यांचं झालं की त्या सगळ्याची मिळून एक प्रार्थना. एकाला खोकला होता. एक मुलगी म्हणाली, रात को डर लगता है. एकाने सांगितलं की तो अजून अंथरूण ओलं करतो, आणि खरंच कुणी हसलं नाही. रिबूने तिची सकाळची साखर सांगितली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "मला दोन वर्षांपासून ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. घरी कुणाला माहीत नाही." रिबूने चमकून वर बघितलं. मुलं तशीच बघत होती. त्यांच्या हिशेबाने माझी एक गोष्ट झाली होती. पण माझ्या तोंडून पुढचंही बाहेर पडलं. "आणि रिबूताई लहान होती तेव्हा तिचं दुखणं लपवायला बाईंना मी सांगितलं होतं. लोक म्हणतात बाई चुकल्या. मी चुकले होते. मी कधी बोलले नाही."

मुलांना त्यातलं किती कळलं देव जाणे. रिबू माझ्याकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, आई. तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मी आतच होते." आठ वर्षं. बाईंनी मला उघडं पाडलं नाही, आणि माझ्या पोरीनेही नाही. माझ्या शेजारी एक सहा वर्षांची मुलगी बसली होती, दोन वेण्यांची. तिने थोडा वेळ वाट बघितली, माझं संपलं याची खात्री करून घेतली, आणि म्हणाली, "माझा ना, हा पुढचा दात हलतोय."